उपवासाच्या ताटाचा नकाशा



ज्यांच्या स्मरणार्थ आपण आज जमलो आहोत, त्या सरांनी मला आठवीपासून दहावीपर्यंत भूगोल शिकवला. भाषणात आपलं नाव पुन्हापुन्हा घेतलेलं त्यांना आवडत नसे, म्हणून मी त्यांना नुसतं ‘सर’ म्हणणार आहे.

आठवीत असताना आषाढी एकादशीच्या आदल्या दिवशी त्यांनी जगाचा मोठा नकाशा फळ्यावर टांगला आणि विचारलं, उद्या तुमच्या घरी फराळाला काय काय होणार? मुलं एकामागून एक सांगू लागली. साबुदाण्याची खिचडी, दाण्याची आमटी, बटाट्याची भाजी, रताळ्याचा कीस, वरीचे तांदूळ, राजगिऱ्याचे लाडू, काकडीची कोशिंबीर. मिरची कुणी सांगितली नाही, ती सरांनीच घातली. प्रत्येक पदार्थाचं मूळ जिथे, तिथे ते एक टाचणी टोचत गेले. बटाट्याची टाचणी पेरू आणि बोलिव्हियातल्या अँडीज पर्वतावर, भुईमुगाची तिथूनच थोडी खाली, मिरचीची मेक्सिकोत. रताळं आणि राजगिराही अमेरिका खंडातलेच. जिऱ्याची टाचणी भूमध्य समुद्राच्या पूर्व किनाऱ्याकडे गेली. तास संपला तेव्हा भारतावर वरी, काकडी आणि तूप एवढ्याच टाचण्या होत्या. मागच्या बाकावरच्या एका मुलानं घाबरत विचारलं, “म्हणजे आपला उपवास खोटा का, सर?” सर म्हणाले, “खोटा कसा होईल? तुझी आजी मनापासून करते ना? आपण फक्त पत्ते लिहून घेतोय.”

आजचं माझं व्याख्यान म्हणजे त्या तासाची पुढची दोन पानं आहेत. टाचण्या कुठे टोचायच्या हे सरांनी शिकवलं. एका टाचणीपासून आपल्या ताटापर्यंत दोरा कसा ओढायचा, याचा विचार मी पुढे आयुष्यभर करत राहिलो. मानवी भूगोल हा विषय माझ्या लेखी त्या दोऱ्यांचा अभ्यास आहे.

आपण सहज म्हणतो की संस्कृती पसरते. तेल कागदावर पसरतं तशी ती आपोआप पसरत असावी, असं या क्रियापदामुळे वाटतं. प्रत्यक्षात कुणीतरी ती नेतं, कुणीतरी ती घेतं, आणि दोघांमध्ये एक वाट असते. वाटेचं महत्त्व बार्शीकरांना मी काय सांगावं? इथून जवळच तेर आहे. पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्यानं लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या प्रवासपुस्तिकेत तेरचा उल्लेख ‘तगर’ म्हणून येतो. भडोचपासून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण, आणि तिथून पूर्वेला आणखी दहा दिवसांच्या वाटेवर तगर, असा हिशेब त्यात दिला आहे. तेरचं कापड गाड्यांवर लादून भडोचच्या बंदरात जात होतं. यातला ‘दहा दिवस’ हा शब्दप्रयोग मला फार मोलाचा वाटतो. अंतर मैलांत मोजण्याआधी माणसानं ते दिवसांत मोजलं. आपली मराठी अजून तसंच मोजते: मजल, मुक्काम, हाकेच्या अंतरावर, घटकाभराची वाट. दोन गावं नकाशावर शेजारी असूनही मध्ये घाट असेल तर लांब असतात, आणि शंभर कोसांवरची दोन बंदरं एकमेकांना जवळची असतात. संस्कृतीचा प्रवास पायाखालच्या या अंतरावर ठरतो, फूटपट्टीच्या अंतरावर नाही.

आता साबुदाण्याचा दोरा ओढू, कारण त्याला सगळ्यांत जास्त गाठी आहेत.

‘साबू’ हा शब्द मलय भाषेतल्या ‘सागू’वरून आला. मलाया, इंडोनेशिया, न्यू गिनी या पट्ट्यातल्या दलदलीत सागूचं ताडासारखं झाड वाढतं. त्याचं खोड फोडून आतला गर धुतला की सत्त्व मिळतं, आणि त्या सत्त्वाचे दाणे करतात. साबुदाणा म्हणजे मुळात हा. पण तुम्ही-आम्ही जो खातो तो कसाव्याचा, म्हणजे टॅपिओकाच्या कंदाचा. या कंदाची लागवड माणसानं प्रथम केली ती ॲमेझॉनच्या खोऱ्याच्या नैर्ऋत्य भागात. ‘टॅपिओका’ हा शब्दही ब्राझीलच्या तुपी लोकांचा. पोर्तुगिजांनी कंद जगभर नेला. एकोणिसाव्या शतकात मलायातल्या मलाक्का भागात चिनी मळेवाल्यांनी त्याची मोठी लागवड केली, आणि सागूच्या झाडाचं काम या कंदाच्या पिठावर होऊ लागलं. झाड बदललं, खंड बदलला, नाव तेवढं तेच राहिलं.

केरळात त्रावणकोरचे राजे विशाखम तिरुनाळ यांनी १८८० ते १८८५ या आपल्या कारकिर्दीत गरिबांच्या पोटाला आधार म्हणून या कंदाच्या लागवडीला उत्तेजन दिलं. मग दुसरं महायुद्ध आलं. १९४२ मध्ये सिंगापूर आणि ब्रह्मदेश जपानच्या हाती गेले. ब्रह्मदेशाचा तांदूळ यायचा थांबला, तसाच मलायाचा साबुदाणाही. त्या टंचाईत, १९४३ च्या सुमारास, तमिळनाडूतल्या सेलममध्ये कंदापासून साबुदाणा करायला सुरुवात झाली, आणि आज आपल्या घरातला बहुतेक साबुदाणा त्याच भागातून येतो. कंद सोलतात, कुटतात, त्याचं दुधासारखं पाणी हौदात निवळू देतात. खाली बसलेलं ओलं सत्त्व कापडावर हेलकावून त्याचे मणी करतात, ते भाजतात किंवा वाफवतात आणि उन्हात वाळवतात.

निवळू देण्याच्या या पायरीपाशी मला थोडं थांबायचं आहे. कडू जातीच्या कसाव्यात विष असतं, सायनाइडच. ॲमेझॉनमधल्या बायकांनी हजारो वर्षांपूर्वी त्यावर उपाय शोधला. कंद किसायचा, वेताच्या विणलेल्या लांब नळीत भरून पिळायचा, निघालेलं पाणी निवळू द्यायचं. तळाशी बसतं ते सत्त्व. पृथ्वीच्या दोन टोकांवर आजही सत्त्व असंच खाली बसतं. त्या बायकांपैकी एकीचंही नाव इतिहासाला माहीत नाही. आपण मात्र दर एकादशीला त्यांच्या हातचं खातो, असं मी म्हटलं तर ती अतिशयोक्ती होणार नाही.

ज्ञान मात्र दर वेळी वस्तूबरोबर येतंच असं नाही. मक्याची गोष्ट याच्या उलट आहे आणि ती फार दुःखाची आहे. मेक्सिकोतले लोक मका चुन्याच्या पाण्यात शिजवून मग दळत. त्यामुळे त्यातलं एक जीवनसत्त्व शरीराला मिळण्याजोगं होतं. युरोपनं मक्याचं बी नेलं, चुना तिथेच राहिला. गरिबांची मका हीच भाकरी झाली आणि जिथे जिथे तसं झालं तिथे पेलाग्रा नावाचा रोग आला. कातडी सोलवटते, जुलाब होतात, शेवटी माणूस भ्रमिष्ट होतो. स्पेनमधल्या गास्पार कासाल या वैद्यानं १७३५ मध्ये त्याचं वर्णन केलं. नंतर इटलीत आणि अमेरिकेच्या दक्षिण भागात त्यानं असंख्य माणसं नेली. ज्यांच्याकडून पीक घेतलं त्यांना जिंकलं होतं, आणि जिंकलेल्या माणसाला आपण ‘तुम्ही हे शिजवता कसं’ असं विचारत नाही. संस्कृतीच्या प्रसाराचा अभ्यास करताना काय आलं याची यादी सगळे करतात. काय मागे राहिलं याची यादीही करायला हवी.

आता प्रश्न असा की आलेल्या इतक्या गोष्टींपैकी काही आपल्या उपवासातच का शिरल्या? माझं उत्तर असं आहे. एकादशीला धान्य वर्ज्य. काय खाऊ नये हे जुन्या लोकांनी ठरवलं तेव्हा बटाटा, रताळं, भुईमूग, साबुदाणा यांची नावंच कुणाला ठाऊक नव्हती. ही मंडळी कुठल्याच निषेधात बसत नव्हती, धान्यातही मोडत नव्हती. रूढीच्या चौकटीत एक मोकळी जागा होती आणि त्यांनी ती भरली. नवी गोष्ट बहुधा अशा मोकळ्या जागेतूनच आत येते. टोमॅटोला तशी जागा मिळाली नाही. तो आला उशिरा, इंग्रजी नाव घेऊन, आणि आंबटपणासाठी आपल्याकडे चिंच आणि आमसूल आधीपासून होतं. रोजच्या भाजीत तो बसला, पण उपवासाच्या ताटात बहुतेक घरांत अजून नाही. मिरचीनं तिसरीच वाट धरली. तिनं मिऱ्याची जागा घेतली आणि नावही मिऱ्यावरूनच घेतलं. मिरीला मलबारचा पाऊस लागतो. मिरची परसात, कोरडवाहू रानात, कुंडीतसुद्धा येते. श्रीमंतांचा तिखटपणा तिनं गरिबाच्या भाकरीवर आणून ठेवला, आणि आज सोलापूरची शेंगांची चटणी ही या जिल्ह्याची ओळख आहे. तिच्यातला दाणाही अमेरिकेचा आणि तिखटही. तरी ती चटणी सोलापूरचीच आहे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

गोष्टी पसरण्याचे भूगोलात तीन प्रकार सांगतात. पहिला शेजाऱ्याकडून शेजाऱ्याकडे जाणारा. स्वीडनमधल्या लुंड विद्यापीठातले टॉर्स्टन हेगरस्ट्रांड यांनी १९५३ मध्ये एक प्रबंध लिहिला. शेतीतल्या नव्या गोष्टी शेतकऱ्यांमध्ये कशा पसरतात, कुरणसुधारणेचं अनुदान आधी कुणी घेतलं, जनावरांची क्षयाची तपासणी आधी कुणी करून घेतली, हे त्यांनी वर्षागणिक नकाशावर मांडलं. त्यांना दिसलं की नवी गोष्ट प्रामुख्यानं शेजारच्याला पाहून घेतली जाते. पत्रकं निघतात, सभा होतात, पण शेजारच्या बांधावर पीक उभं राहिलेलं दिसलं की माणूस हलतो. शिवारात वावरलेल्या कुणालाही हे कळतं. हेगरस्ट्रांड यांनी ते मोजून दाखवलं.

दुसरा प्रकार वरून खाली येणारा. मोठ्या शहरातून मध्यम शहरात, तिथून तालुक्याला. यासाठी दुसरीकडे जायला नको, आपण बसलो आहोत ती व्याख्यानमालाच घ्या. पुण्यात न्यायमूर्ती रानड्यांच्या पुढाकारानं १८७५ मध्ये वसंत व्याख्यानमाला सुरू झाली, आणि त्या रीतीनं पुढे महाराष्ट्रात गावोगावी व्याख्यानमाला उभ्या राहिल्या. सार्वजनिक गणेशोत्सवही १८९३ नंतर असाच वर्तमानपत्रांच्या आणि रेल्वेच्या वाटेनं पसरला. बार्शीला तर स्वतःची छोटी रेल्वे होती. १८९७ मध्ये कुर्डुवाडीहून ती इथे आली आणि पुढे पंढरपूरला आणि लातूरला जोडली गेली. व्यापाराचा माल आणि पंढरीचे वारकरी एकाच डब्यांच्या माळेतून गेले.

तिसरा प्रकार माणसंच उठून जाण्याचा. व्यंकोजी राजांनी १६७५-७६ च्या सुमारास तंजावर घेतलं. १८५५ पर्यंत तिथे मराठी गादी होती. व्यंकोजींचे पुत्र शहाजी राजे यांनी तिथे मराठी नाटकं लिहिली. सरफोजी राजांनी १८०३ मध्ये भोसले घराण्याचा इतिहास बृहदीश्वराच्या भिंतीवर मराठीत कोरून घेतला. तिथल्या मराठी घरांत आजही एक जुन्या वळणाची मराठी बोलली जाते. रत्नागिरीकडची माणसं मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांवर गेली, त्यांच्याबरोबर कोकणातलं जाकडी नृत्य गेलं, ते तिथे ‘झाकरी’ झालं. बेने इस्रायली, म्हणजे कोकणातली ज्यू मंडळी, इस्रायलला गेली आणि तिथून ‘मायबोली’ नावाचं मराठी नियतकालिक काढत राहिली.

हे तीन प्रकार पाठ्यपुस्तकात एकाखाली एक येतात, तेव्हा तिन्ही सारखेच निरुपद्रवी वाटतात. ते तसे नाहीत, आणि गोव्याचं उदाहरण मी त्यासाठीच राखून ठेवलं होतं. १५१० मध्ये पोर्तुगिजांनी गोवा घेतला. त्यांच्या जहाजांतून काजू आला, अननस आला, मिरची आली. पाव, बादली, चावी, परात, घमेलं, पिंप, लिलाव, पगार हे शब्द आले. घरात, बांधकामावर, बाजारात आपण ते रोज वापरतो. पण त्याच जहाजांतून धर्मसमीक्षणही (इन्क्विझिशन) आलं. १५६० मध्ये गोव्यात ते सुरू झालं. देवळं पाडली जाऊ लागली, तेव्हा कुशस्थळीच्या लोकांनी आपला मंगेश रातोरात जुवारी नदीपार प्रियोळला नेला. केळशीची शांतादुर्गा कवळ्याला गेली. आज आपण मंगेशीला जातो तेव्हा तो देव तिथे निर्वासित म्हणून आला होता, हे कितीजणांच्या मनात येतं? अनेक कुटुंबं त्याहून पुढे, मंगळूर आणि कोचीकडे गेली. ज्या वाटेनं मिरची आली त्याच वाटेनं आलेल्या सत्तेनं देवांना घर सोडायला लावलं. मिरचीचा आनंद आणि ती नदी ओलांडण्याची रात्र, दोन्ही एकाच नकाशावर दाखवता आली पाहिजेत. जो भूगोल एकच दाखवतो तो अर्धा भूगोल आहे.

फ्रीड्रिख राट्झेल या जर्मन पंडितानं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मानवी भूगोलाचा पाया घातला. माणूस नवं फारसं शोधत नाही, बहुतेक उचलतो, अशी त्याची धारणा होती. दोन दूरच्या प्रदेशांत सारखी वस्तू दिसली तर त्यांच्यात कधीतरी संबंध आला असलाच पाहिजे, असं तो मानी. आफ्रिकेतल्या धनुष्यांचा त्यानं या दृष्टीनं अभ्यास केला. त्याची चिकाटी मला वंदनीय वाटते, पण या विचाराच्या पोटात एक धोका होता. पुढे काहींनी तो असा वाढवला की शोध सगळे एका केंद्रात लागतात आणि बाकीचं जग ते स्वीकारत बसतं, आणि ते केंद्र अर्थातच युरोपात. जेम्स ब्लाउट यांनी १९९३ मध्ये ‘द कलोनायझर्स मॉडेल ऑफ द वर्ल्ड’ हे पुस्तक लिहून या समजुतीचा कठोर समाचार घेतला. त्या ॲमेझॉनमधल्या बायकांची आठवण ठेवली तर ब्लाउट यांचं म्हणणं आपल्याला वेगळं समजावून घ्यावं लागत नाही.

आता आपल्या दाराशी येतो. ‘बटाटा’ हा शब्द पोर्तुगिजांकडून, किनाऱ्यावरून घाट चढून आला. कोकणीत, गुजरातीत, मराठीत तो आहे. पण नागपूरकडे जा, तिथे कित्येक घरांत तो ‘आलू’ आहे, कारण तिकडे हा कंद उत्तरेच्या वाटेनं, उत्तरेच्या शब्दासकट गेला. एकाच भाषेत एकाच कंदाला दोन नावं आहेत, आणि ती दोन वाटांची साक्ष आहेत. पेरूचंही तसंच. पश्चिम महाराष्ट्रात पेरू, मराठवाड्यात आणि विदर्भात जाम किंवा जांब. बार्शी ऐन या सीमेवर बसलेली आहे. ब्रिटिशांच्या सोलापूर जिल्ह्यातली बार्शी, आणि शेजारी तेव्हाचं उस्मानाबाद, म्हणजे निजामाची हद्द. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत या दोन गावांमध्ये दोन सरकारं होती. हद्द पुसली, पण शब्द अजून आपापल्या बाजूला उभे आहेत.

डोनाल्ड माइनिग या अमेरिकन भूगोलज्ञानं १९६५ मध्ये सांस्कृतिक प्रदेशाची तीन वर्तुळं सांगितली होती. आत गाभा, त्याभोवती जिथे त्या संस्कृतीचं प्राबल्य आहे तो प्रांत, आणि बाहेर जिथे तिचा नुसता वावर आहे तो परीघ. महाराष्ट्राचा गाभा कुठला, यावर आपण फार भांडतो. इरावतीबाई कर्वे पंढरीच्या वारीत चालल्या आणि त्यांनी महाराष्ट्राची ओळख अशी करून घेतली की ज्या प्रदेशातली माणसं पंढरीला जातात तो महाराष्ट्र. यात सीमारेषा नाही, राजधानी नाही. चालणं आहे. माणदेशाचा धनगर दिवाळीनंतर मेंढरं घेऊन कोकणात उतरतो, तिथल्या भातखाचरांत मेंढरं बसवतो, खताच्या बदल्यात धान्य घेतो आणि पावसाच्या आधी वर येतो. त्याचाही प्रदेश असाच पायांनी आखलेला आहे. माझ्या मते आपल्या शाळेतल्या नकाशांनी मुलांना रंगीत ठिगळं दाखवणं कमी करावं आणि अशा वाटा दाखवाव्यात. सर हेच करत होते, मात्र त्यांच्याकडे टाचण्याच होत्या.

आणि बार्शी हे नाव! बारस म्हणजे द्वादशी. अंबरीष राजाच्या व्रताची कथा इथल्या भगवंताच्या मंदिराशी जोडलेली आहे. पंढरीला एकादशी करायची आणि बार्शीला येऊन द्वादशीला पारणं करायचं, अशी वारकऱ्यांची जुनी रीत. उपवासावर बोलण्यासाठी याहून योग्य गाव मला सापडलं नसतं.

सरांच्या निधनानंतर त्यांच्या घरच्यांनी मला त्यांची एक वही दिली. तीत पानांवर तीन रकाने आखलेले आहेत: वस्तू, गाव, काय म्हणतात. पेरू, बटाटा, शेंगा, साबुदाणा, पपई, मका. गावं आहेत वैराग, पांगरी, तेर, ढोकी, येडशी. काही रकाने भरलेले आहेत, बरेच रिकामे आहेत. निवृत्तीनंतर सर एसटीनं हिंडून हे करत होते, हे आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं.

त्या वहीच्या पानांच्या प्रती काढून मी मागच्या टेबलावर ठेवल्या आहेत. जाताना प्रत्येकानं एक न्यावी. घरी जे सगळ्यांत वडीलधारं माणूस असेल, त्यांना विचारावं की त्यांच्या माहेरी, त्यांच्या आजोळी, पेरूला काय म्हणत होते, बटाट्याला काय म्हणत होते आणि एकादशीला ताटात काय असे. गावाचं नाव न विसरता लिहावं. पुढच्या आषाढीच्या आत ही पानं वाचनालयात आणून द्यावीत. भिंतीवर लावायचा नकाशा मी घेऊन येईन.